तीन गोळ्या चालू आहेत, तरी बीपी १५०/९५ च्या खाली येत नाही. काय करावं?

आधी आकडा खरा आहे का ते बघा. दंड जाड आणि मशीनचा पट्टा लहान असेल तर बीपी उगाच जास्त दिसतं. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, हात टेबलावर ठेवा आणि न बोलता मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहा.

गोळ्या चुकत असतील तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, नाहीतर न घेतलेल्या गोळीचाच डोस वाढत जातो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि नाक मोकळं करणारी सर्दीची औषधंही बीपी वाढवतात. मीठ तर आहेच.

एवढं करूनही, लघवी वाढवणारं औषध धरून तीन औषधं पूर्ण डोसमध्ये चालू असताना बीपी चढंच राहिलं, तर त्यामागचं कारण शोधायलाच हवं. किडनीचा आजार, झोपेत श्वास अडकणं (घरच्यांना विचारा, खूप घोरता का), किंवा अल्डोस्टेरॉन हे शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन जास्त असणं. हे शेवटचं फार वेळा निसटतं, कारण त्यात रक्तातलं पोटॅशियम कमी होईल असं धरलं जातं, पण पोटॅशियम नॉर्मल असलं तरी हा त्रास असू शकतो. अल्डोस्टेरॉन-रेनिनची रक्ततपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. चौथं औषध म्हणून बऱ्याचदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. त्यावर पोटॅशियम तपासत राहावं लागतं.

बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल तर थेट इमर्जन्सीत जा.