आधी लोकांच्या घरी जाऊन ये

अनेक उत्तम आशीर्वाद.

लशीवरचा तुझा लेख वाचला. माहिती चोख आहे. मात्र लोक लस का टाळतात, याचं सगळं खापर तू त्यांच्या अज्ञानावर फोडलंस, ते मला पटलं नाही. मुंबई-पुण्याच्या प्लेगची हकिगत एकदा नीट बघ.

१८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग उघडकीस आला, तेव्हा सरकारी डॉक्टरांचा सगळा रोख घाणीवर होता. गटारं धुवा, घरांत जंतुनाशक कार्बोलिक मारा. इकडे गावोगावचे लोक ‘उंदीर पडले’ (म्हणजे मरून पडले) म्हटलं की घर सोडून माळावर झोपड्या टाकून राहू लागले. उंदीर आणि रोग यांचं नातं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पिसवांमुळे रोग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून मांडलं, तेही बऱ्याच तज्ज्ञांनी मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत कसून प्रयोग झाले, तेव्हा कुठे शंका मिटली. (लोकांचं सगळंच बरोबर होतं असं नाही हं. दवाखान्यात नेऊन माणसाची मोमियाई, म्हणजे अंगातलं औषधी तेल, काढतात, ही अफवाही त्यांचीच.)

पण ती अफवा तरी का पसरली? रोग्याला घरच्यांपासून ओढून नेत, आणि नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती मोकळे अधिकार आले. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त पाहणारा इंग्रज अधिकारी रँड याच्या अमलात झडतीला आलेले गोरे सोजीर थेट देवघरात शिरले. ज्या सरकारचे सोजीर, त्याच सरकारची लस! ती बनवणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती, लस कामाचीही होती. पण माजघरात बूट घालून आलेल्यांवर विश्वास कोण ठेवणार? त्यात १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एका दूषित बाटलीतली लस टोचून १९ माणसं धनुर्वाताने दगावली.

लोकांनी हे मुकाट सोसलं नाही, तेही लेखात येऊ दे. गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले, मुंबईत दंगे झाले, पुण्यात रँडचा खून झाला. मग सरकारने सक्ती सैल केली आणि जातीजमातींना आपापली प्लेगची रुग्णालयं काढू दिली. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतलं, तेव्हा त्यांचे अनुयायी पुढे आले. लस तीच होती.

तर हा लेख इतक्यात कुठे पाठवू नकोस. तुमच्या वस्तीतल्या आशाताईंना गाठ आणि लस नको म्हणणाऱ्या दोन-तीन घरी त्यांच्याबरोबर जा. का नको, एवढंच विचार. समजावत बसू नकोस. ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून आधी मला पाठव, मग मधला भाग नव्याने लिहू.