तुमचा प्रश्न: नगाला 14 रुपये

प्रश्न: राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव दुचाकीवर एका ॲपची पार्सलं पोचवतो, नगाला 14 रुपये मिळतात. दोन वर्षांत दरवाढ नाही. विचारलं तर कंपनीवाले ॲपवरचा माझा आयडी (खातं) बंद करू म्हणतात. काय करावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आधी 14 रुपयांतले तुमचे किती, ते काढा. दिवसाला 40 नग धरले, तर 560 रुपये. फिरणं 90 किलोमीटर, ॲव्हरेज 45, म्हणजे 2 लिटर; लिटरला 105 धरले तर 210 गेले. ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेटसाठी किलोमीटरमागे 60 पैसे धरा, आणखी 54. उरले 296.

खरी गळती परत आलेल्या नगांत आहे. गिऱ्हाईक घरी नसतं, शिरगावची फेरी दोनदा होते, पैसे मात्र एकदाच. म्हणून नुसतं ‘दर वाढवा’ म्हणू नका. ‘दुसऱ्या फेरीचे आणि लांबच्या नगाचे वेगळे द्या’ म्हणा, महिनाभराची मीटरची नोंद जोडा, आणि चौघंपाच जण मिळून लेखी द्या. एकटा बोलला की आयडी आधी त्याचाच जातो.

आयडी बंद झाला की ॲपमधली कमाईही दिसेनाशी होते. दर रविवारी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, करारपत्राची प्रतही.

करारात तुम्ही नोकर नव्हे, ‘पार्टनर’ असाल तर किमान वेतन मागणं अवघड. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तीत प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे तुमच्यासारखे ॲपवरून काम करणारे, आहेत, पण तिने दर वाढत नाही. तरी ई-श्रम या केंद्र सरकारच्या असंघटित कामगारांच्या पोर्टलवर आधार आणि मोबाइल देऊन नोंदणी कराच. 12 अंकी क्रमांक मिळतो, पुढच्या योजनांसाठी तो उपयोगी पडू शकतो.