वाचकांचे प्रश्न : आजींचे आयुष्य आणि आजींची गाणी

प्रश्न : माझी आजी नुकतीच वयाच्या 94व्या वर्षी गेली. ती कधी मैफलीत गायली नाही आणि कोणाकडे रीतसर शिकलीही नाही. पण आमच्या घरात गाणे होते ते तिच्यामुळे. तिच्यामागे ग्रामोफोनच्या लाखेच्या 11 तबकड्या, काही एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या विनाइलच्या तबकड्या), तीसेक कॅसेटी आणि गाण्यांची एक वही राहिली आहे. एका कॅसेटमध्ये तिचा स्वतःचा आवाज आहे. तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका करण्याचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले आहे. जन्म, लग्न, मुले, आजारपणे यांच्या तारखा मी जमवल्या, पण त्या वाचताना आजी कुठेच दिसत नाही. शिवाय काही जणांचा आग्रह आहे की, 'संधी मिळाली असती तर ती मोठी गायिका झाली असती' असे मी लिहावे. ते लिहावे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पुस्तिकेचा सूर त्यावरच ठरणार आहे. माझे स्पष्ट मत आहे की तसे लिहू नये. हे वाक्य प्रेमातूनच येते, यात शंका नाही. परंतु त्यामुळे आजी प्रत्यक्ष जगल्या ते आयुष्य न जगलेल्या आयुष्यापुढे उणे ठरते. आपल्याला गायला मिळाले नाही अशी खंत त्यांनी स्वतः बोलून दाखवली असेल, तर त्यांचेच शब्द, ते कोणी आणि साधारण कधी ऐकले यासह, अवश्य द्या. तशी खंत कोणाच्याच कानावर आली नसेल, तर ती त्यांच्या तोंडी घालू नका. त्या श्रोत्या होत्या, आणि चांगला श्रोता होणे हीसुद्धा वर्षानुवर्षांची कमाई असते. दोन सुरांवरून गाणे ओळखणे, गाणाऱ्याचा सूर किंचित उतरला की हातातले काम थांबणे, नातवंडांना चाल शिकवताना एका विशिष्ट जागेवर अडून बसणे, असे काही घरातल्या प्रत्येकाला आठवत असेल. ते जसेच्या तसे लिहिलेत, तर मोठेपणाचे विशेषण शोधावे लागणार नाही.

आता तारखांविषयी. तुम्ही जमवलेल्या तारखा चुकीच्या नाहीत, पण त्यांतल्या बहुतेक इतरांच्या जन्माच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या असणार. आजींची स्वतःची कालगणना तुम्हाला त्यांच्या गाण्यांत सापडेल. त्या जन्मल्या तेव्हा घरात ऐकायची तबकडी लाखेची होती आणि मिनिटाला 78 फेरे घेत असे. एलपी 1948 साली बाजारात आली, कॅसेट 1963 साली आणि सीडी 1982 साली. ही सारी स्थित्यंतरे एकाच बाईच्या कानांनी अनुभवली. मात्र ही वर्षे त्या वस्तू जगात अवतरल्याची आहेत. तुमच्या घरात त्या कधी आल्या, कोणी आणल्या आणि त्या दिवशी पहिले काय लावले गेले, हे वडीलधाऱ्यांना विचारा. 'साल आठवत नाही, पण धाकटा रांगत होता' असे उत्तर मिळाले तरी साल हाती लागते.

दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. तबकडीवरून गाणे शिकलेली व्यक्ती चालीबरोबर ही लांबीही शिकते. आजी एखादे गाणे नेहमी ठरावीक जागीच संपवत असतील, तर ती तबकडी ऐकून पाहा. ते कुठून आले होते ते कदाचित तिथेच कळेल.

वहीकडेही याच नजरेने पाहा. माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतले प्रसंग पुढे सर्वाधिक आठवतात, आणि गाण्यांचेही बरेचसे तसेच असते. म्हणून वहीत तरुणपणीची गाणी जास्त असतील तर नवल नाही. साठीनंतर, सत्तरीनंतर त्यांनी कोणती गाणी उतरवून घेतली, ते मात्र बारकाईने शोधा; शाई, अक्षराचे वळण आणि हाताचा कंप यांवरून अंदाज येईल. त्या वयात मुद्दाम पाठ केलेल्या नव्या गाण्यामागे बहुधा कोणीतरी माणूस असतो. पुस्तिकेतले एखादे प्रकरण तिथे दडलेले असू शकते. वहीतले शब्द मूळ गाण्यापेक्षा वेगळे असतील तर ते सुधारू नका. त्यांनी जे ऐकले आणि गायले, ते तेच होते.

आवाजाची कॅसेट मात्र पुस्तिकेच्याही आधी हाती घ्या. चुंबकीय फितीवरचा लेप वर्षागणिक क्षीण होतो, आणि चालू स्थितीतले कॅसेट प्लेअरही कमी होत चालले आहेत. प्रथम कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही प्लॅस्टिकची चिमुकली पाती मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. माझ्या आईच्या आवाजाची एकमेव कॅसेट आमच्या घरात अशीच पुसली गेली, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे. फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, प्लेअरचे हेड (फितीला टेकून आवाज वाचणारा भाग) स्वच्छ करा आणि मगच वाजवा. संगणकावर घेताना आवाज डब्ल्यूएव्ही (तपशील न गाळता आवाज साठवणाऱ्या) स्वरूपात आणि 24 बिटमध्ये, म्हणजे बारीक तपशिलासह, ठेवा. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवण्यापुरती करा. मूळ फाइलच्या निदान तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात असावी.

आवाज 'साफ' करून देणारे कोणी भेटले, तर ती प्रत वेगळी करून घ्या आणि मूळ मुद्रणाला हात लावू देऊ नका. खोकला, मागे रडणारे मूल, ओळ विसरल्यावर त्यांनी केलेले हसू, हे सारे त्या ध्वनिमुद्रणातच राहिले पाहिजे. आजी कोणत्या घरात, कोणाच्या गराड्यात गात होत्या, हे त्याच आवाजांतून ऐकू येते.

तबकड्यांबाबत दोन सूचना. त्या लाखेच्या असल्याने स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेल्या द्रवाने कधीही पुसू नयेत, कारण अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एलपीची सुईही त्यांना चालत नाही. त्यांची खाच रुंद असते आणि तिला जाड टोकाची सुई लागते.

प्रश्न : माझी आजी 88 वर्षांची आहे. ती आता आमची नावे विसरते, पण जुनी गाणी अखेरपर्यंत म्हणते. हे कसे होते? आणि तिला गायला लावून ध्वनिमुद्रण करणे योग्य आहे का?

उत्तर : दीर्घकाळच्या सांगीतिक स्मृतीशी निगडित असलेले मेंदूचे काही भाग अल्झायमर या स्मृती हळूहळू हिरावणाऱ्या आजारात इतर भागांच्या तुलनेत उशिरापर्यंत शाबूत राहतात, असे 2015 साली 'ब्रेन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. तुमच्या आजींना असा काही आजार आहे की नाही, हे डॉक्टरच सांगू शकतील; ती तपासणी जरूर करून घ्या.

ध्वनिमुद्रण अवश्य करा, पण त्यांची परीक्षा घेऊ नका. 'हे कोणाचे गाणे, ओळख' असे विचारले की विसरल्याची लाज वाटते आणि गाणे थांबते. तुम्ही स्वतः पहिली ओळ गुणगुणा आणि थांबा. दिवसाच्या ज्या वेळी त्या प्रसन्न असतात ती वेळ निवडा, पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. गाणे संपले म्हणून लगेच ध्वनिमुद्रण बंद करू नका. गाण्यानंतरच्या मिनिटा-दोन मिनिटांत कधी कधी त्या गाण्याबरोबरचे घर, माणसे आणि नावे ओठांवर येतात, तेव्हा तुम्ही काही न बोलता शेजारी बसून राहा.