मालमत्ता कर महापालिकेचा, मग पुण्यातले आमदार "40 टक्के सवलत आम्ही परत आणली" असं कसं सांगतात?

सांगू शकतात, कारण हा निर्णय महापालिकेच्या हातात नव्हताच. कर पालिका गोळा करते, पण ज्या कायद्याखाली करते तो विधिमंडळाचा. शिवाय पालिकेचा ठराव निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पुण्यात नेमकं तेच झालं. मालक स्वतः राहत असेल तर वार्षिक करपात्र रकमेत 40 टक्के सूट, ही पद्धत 1970 पासूनची. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सरकारने ठराव रद्द केला आणि 2019 पासून बिलं फुगू लागली.

माझ्या आत्याचं दोन खोल्यांचं घर आहे. थकबाकीसकट आलेलं बिल तिने तीनदा चष्मा पुसून वाचलं होतं. तेव्हा दाद मागायची कुणाकडे? मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती, पालिकेत प्रशासक होता. आमदारांकडेच जावं लागलं. शेवटी 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा लागू केली. त्यामुळे सभागृहात ज्यांनी हा विषय लावून धरला, त्यांना श्रेय द्यायलाच हवं.

मात्र आमदाराच्या कार्यअहवालात एक गोष्ट जरूर शोधा: पीटी-3 अर्जाबद्दल लिहिलंय का? ज्यांची सवलत निघाली होती त्यांना स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून हा अर्ज भरावा लागला. आत्याला हे शेजारणीकडून कळलं. खरं तर ते आमदाराच्या पत्रकात, पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात असायला हवं होतं.