रायफलची नळी बदलण्याआधी, आणि बदलायचीच असेल तर

घणसोलीच्या एका सदस्यांचे मेहुणे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतात आणि गेली २२ वर्षे हरणाच्या शिकारीसाठी .२७० विन्चेस्टर काडतुसाची रेमिंग्टन ७०० रायफल वापरतात. पूर्वी शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसत, आता त्या साडेतीन इंचांत पसरतात. तेव्हा मूळ कारखान्याचीच नळी पुन्हा बसवावी की स्वतंत्रपणे नळ्या बनवणाऱ्याची घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. जुनी नळी आठवण म्हणून घणसोलीच्या घरी आणता येईल का, हेही त्यांनी विचारले आहे. माझी ३१ वर्षे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये गेली, त्यातली बरीचशी लांब भोके पाडण्यात आणि त्यांचे होनिंग करण्यात, म्हणजे ती आतून घासून गुळगुळीत करण्यात. निवृत्तीनंतर मुलाकडे मिलवॉकीला तीन हिवाळे राहिलो, तेव्हा तिथल्या एका गनस्मिथच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, लेथशेजारी मी तासन्‌तास उभा राहत असे. त्या आधारावर लिहितो.

आधी हिशेब करू. आपले मेहुणे नेम तपासण्यासाठी आणि शिकारीसाठी मिळून वर्षाला २० काडतुसांच्या दोन डब्या उडवतात, असे आपण लिहिले आहे. म्हणजे २२ वर्षांत ८८० फैरी झाल्या. या काडतुसाची नळी नीट वापरली तर साधारणपणे दोन हजार फैरींच्या पुढे सहज जाते. नळी झिजते ती मुख्यतः चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या कप्प्याच्या, लगेच पुढे, जिथे गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचा सुरू होतात तिथे, कारण जळत्या दारूच्या वायूचा सगळा मारा त्या दोन-तीन इंचांवर होतो. पुरती संपलेली एक नळी मी बोअरस्कोपने, म्हणजे नळीच्या आत घालून पाहायच्या दुर्बिणीने, पाहिली आहे. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ जसा भेगाळतो, तसे त्या जागी पोलाद जाळीदार भेगाळलेले होते आणि खाचांच्या कडा विरघळल्यासारख्या गोल झाल्या होत्या. ८८० फैरींनंतर, तेही दर वेळी नळी थंड होऊ देऊन झाडलेल्या, अशी अवस्था होण्याचा संभव फार कमी आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की नळीवर आरोप ठेवण्याआधी बाकीचे साक्षीदार तपासावेत. गोळीच्या वेष्टनाचे तांबे वर्षानुवर्षे नळीत साचते. नुसत्या तेलाच्या चिंधीने ते निघत नाही, त्यासाठी तांबे विरघळवणारे द्रावण लागते, आणि चिंधीवर निळसर हिरवा रंग येणे थांबेपर्यंत काम करावे लागते. दस्ता, म्हणजे नळी ज्यात बसते तो हाताने धरायचा भाग, लाकडी असेल तर दमट हवेत तो फुगून नळीला एका बाजूने टेकतो. डॉलरची एक नोट नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवून पाहिली की हे लगेच कळते. नेमाच्या दुर्बिणीच्या पकडीचे आणि दस्त्याचे स्क्रू सैल आहेत का, तेही पाहावे. नळीच्या तोंडाच्या कडेकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण गोळीचे बूड बाहेर पडते त्या क्षणी कडेवर एका बाजूला जरी टवका असला तरी वायू तिकडून आधी सुटतो आणि गोळीला हलकासा धक्का देतो. ट्रकच्या मागच्या सीटखाली तोंड खाली करून ठेवलेल्या रायफलीचे नेमके हेच होते. ती कडा लेथवर पुन्हा कापून घेणे हे तासाभराचे काम आहे आणि नव्या नळीच्या मानाने खर्च अगदी किरकोळ येतो.

हे सगळे करूनही ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पसारा, सुधारला नाही, किंवा बोअरस्कोपमध्ये गंजाचे खड्डे दिसले, तर मग आपल्या मूळ प्रश्नाकडे यावे. तिथल्या बंदुकीच्या हंगामाचे नोव्हेंबरमधले ओले नऊ दिवस पाहता गंज मुळीच अशक्य नाही. अशा वेळी बहुतेक जण नळी कोणाची, यावर वाद घालतात. माझे मत असे आहे की चेंबर कोणी कापला आणि नळी ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट असलेल्या मागच्या भागावर, कोणी बसवली, हा प्रश्न आधीचा आहे.

याचे कारण थोडे खोलात सांगायला हवे. काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट. तो बंद झाल्यावर बोल्टचा चेहरा आणि काडतुसाला अडवणारा चेंबरचा खांदा यांच्यातले अंतर ठरावीक मर्यादेतच असावे लागते. त्याला हेडस्पेस म्हणतात. ते दोन मापकांनी तपासतात: गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो गेजवर होता कामा नये. या दोन गेजमधला फरक साधारण वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवल्याइतका असतो. या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला ६५,००० पौंडांपर्यंत जातो, आणि तेवढ्या दाबाखाली हा फरक जिवावर बेतू शकतो. सॅव्हेज कंपनीच्या रायफलींना नळीवर वेगळा नट असतो, त्यामुळे गेज लावून अंतर जुळवता येते. रेमिंग्टन ७०० ची मूळ रचना तशी नाही. तिथे नळी स्वतःच्या बाहेरच्या खांद्यावर घट्ट बसते, म्हणून प्रत्येक ॲक्शनच्या मापानुसार चेंबरची खोली लेथवर ठरवावी लागते. दुसऱ्या रायफलीवरून उतरवलेली मूळ कारखान्याची नळी बाजारात स्वस्तात मिळते खरी, आणि ती नवीकोरीही असू शकते, पण ती त्या दुसऱ्या ॲक्शनसाठी बसवलेली होती. माझ्या मुलाच्या एका मित्राने अशी नळी आणून घरच्या घरी फिरवून बसवली. पहिल्याच रिकाम्या पुंगळीवर बुडाच्या थोडे वर चकाकती गोल रेघ उमटली होती, म्हणजे अंतर जास्त राहिल्याने पितळ तिथे ताणले गेले होते. त्याने तिथेच थांबून रायफल गनस्मिथकडे नेली, हे त्याचे नशीब.

आता दोन्ही नळ्यांविषयी. रेमिंग्टनच्या मूळ नळ्या हातोडी पद्धतीने, म्हणजे आत पिळाचा साचा ठेवून बाहेरून ठोकून, घडवलेल्या असतात. पद्धत वेगवान आहे आणि नळी टिकाऊ होते, पण ठोकल्यामुळे पोलादात राहिलेला ताण नीट काढला नाही, तर नळी तापल्यावर गोळ्या एका बाजूला सरकत जातात. विस्कॉन्सिनमध्येच क्रीगर आणि बार्टलाइन हे दोघे स्वतंत्र नळी बनवणारे एका पात्याने खाच हळूहळू कापत नेतात. टेक्सासचे शिलन कठीण धातूचे बटण नळीतून ओढून पीळ उमटवतात. त्यांचे पोलाद जादूचे नसते. खरा फरक पडतो तो शेवटी हाताने केलेल्या लॅपिंगमुळे, म्हणजे आतून बारीक घासून केलेल्या पॉलिशमुळे. होनिंग केलेल्या भोकातून दिव्याकडे पाहिले की आतल्या प्रकाशाची वर्तुळे समकेंद्री आहेत का, ते मी रोज पाहत असे, आणि चांगल्या लॅप केलेल्या नळीत तीच शांत, न हलणारी वर्तुळे मला दिसली. असे भोक तांबे कमी धरते, त्यामुळे ग्रुप जास्त काळ टिकतो.

तरीही मेहुण्यांना याची गरज आहे का? तिथल्या जंगलात गोळी बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच सुटते आणि हरणाच्या मर्मस्थानाचा भाग सुमारे आठ इंचांचा असतो. दीड इंचात गोळ्या बसवणारी जुनी नळी त्या कामाला पुरून उरत होती. म्हणून खात्रीच्या गनस्मिथने मापून बसवलेली मूळ आकाराची नळी मिळत असेल, तर ती घ्यावी. जुन्या दस्त्याच्या खाचेत ती बसते आणि वजनही वाढत नाही. स्वतंत्र नळी मी दोनच कारणांसाठी सुचवीन. एक, ते वर्षभर टार्गेटवरही भरपूर सराव करणार असतील. दोन, ते जड, लांब तांब्याच्या गोळ्यांकडे वळणार असतील; तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि ती स्थिर फिरण्यासाठी मूळच्या १० इंचांत एक फेरा या पिळापेक्षा अधिक जलद पीळ लागतो. नेहमीच्या १३० ग्रेन वजनाच्या तांब्याच्या गोळीला जुना पीळही चालतो. स्वतंत्र नळी घेतलीच तर बाहेरचा आकार मूळ नळीइतकाच मागावा. जाड नळीचा मोह होतो, पण बर्फातून दिवसभर ती खांद्यावर त्यांनाच वाहायची आहे. मजुरीही नळीच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकते, म्हणून दोन्ही रकमा आधीच विचाराव्यात.

जुन्या नळीविषयी उत्तर स्पष्ट आहे: आणू नये. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात, त्यामुळे परवान्याशिवाय बॅगेत निघालेली नुसती नळीसुद्धा विमानतळावर गुन्हा ठरू शकते. शिवाय अमेरिकेतून ती बाहेर पाठवण्यावरही निर्यातीचे निर्बंध आहेत. आठवण हवीच असेल तर त्या रायफलीसह मेहुण्यांचा एक चांगला फोटो मागवून घ्यावा.

तांबे साफ करून आणि सगळे स्क्रू तपासून त्यांनी नळी थंड होऊ देत पाच गोळ्यांचा एक ग्रुप झाडावा, आणि त्या कागदाचा फोटो नळीच्या तोंडाच्या जवळून काढलेल्या फोटोसह इथे द्यावा. गोळ्या कोणत्या दिशेने पसरतात ते पाहिले की दोष नळीत आहे की दस्त्यात, हे मला बऱ्याच अंशी सांगता येईल.