नको म्हणू शकणारं गाव

प्रिय पोरी,

तुझा रात्रीचा निरोप मला इथे सकाळच्या चहाला मिळाला. चहा गार झाला तरी वाचतच बसले. बेनाबच्या, म्हणजे त्या उघड्या सभामांडवाच्या, झावळ्यांखाली गावसभा दोन दिवस चालली, म्हाताऱ्यांनी तू पुढे ठेवलेल्या सहल कंपनीच्या कराराचं एकेक कलम तीन-तीनदा वाचून घेतलं आणि शेवटी तुशाव, म्हणजे गावचे प्रमुख, म्हणाले, विचार करू. मग तू लिहिलंस, "मावशी, यांना स्वतःचं भलं कळत नाही का?"

तू मेहनती आहेस, तुझी दानत चांगली आहे, हे लिहीत बसत नाही. तुझ्या आईला ते ठाऊक आहे आणि मलाही. पण हे शेवटचं वाक्य मला बोचलं. कारण ते माझं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात, रुपुनुनी नदीच्या त्याच माळावर बसून मी ते माझ्या वहीत लिहिलं होतं, तेव्हा तू दुसरी-तिसरीत असशील.

तू पाठवलेला करार मी वाचला. पाच हंगाम, दर हंगामाला १२० पाहुण्यांची हमी, पैसे आगाऊ. बदल्यात गावाने दुसऱ्या कुणाचं बुकिंग घ्यायचं नाही आणि एकदा ठरलेल्या तारखा गावाने रद्द करायच्या नाहीत. रकमा ठीक आहेत. हिशेबात चूक नाही. पण ते शेवटचं कलम पुन्हा वाच. तारखा गावाने रद्द करायच्या नाहीत. म्हणजे पाच वर्षं गावाने 'नको' म्हणायचं नाही. आणि जे गाव पाहुण्याला नको म्हणू शकत नाही, ते गाव यजमान राहत नाही. एवढं एकच मला तुला सांगायचंय. पत्र लांबेल, कारण हे एवढंच शिकायला मला फार किंमत पडली. शिवाय ती किंमत मी भरली नाही, दुसऱ्यांनी भरली.

मी २००८ साली तिथे गेले ती हिशेब शिकवायला. उत्तर रुपुनुनीतल्या एका गावाने नदीकाठी चार खोल्यांचं अतिथिघर बांधलं होतं. नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती. मी त्यांना जमा-खर्चाची वही लावून दिली. वाटाड्या, नावाडी, स्वयंपाकीण यांच्या पाळ्या लावल्या, म्हणजे काम चार घरांतच फिरत राहू नये. गावनिधीचा वाटा आधी बाजूला काढायचा, मग मजुरी वाटायची. ती पद्धत बरोबर होती. आजही मी ती बदलणार नाही आणि तूही बदलू नकोस.

चुकलं ते पुढे. परदेशातल्या एका सहल कंपनीने कोरड्या हंगामाच्या तारखा मागितल्या, सलग. तिथे मे ते ऑगस्ट पाऊस. माळ पाण्याखाली जातो, मोटारीऐवजी होडी चालते. पाहुणे यायचे ते सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत. गावसभेत दोन-तीन वयस्क माणसं म्हणाली की अधले काही आठवडे मोकळे ठेवू. मी पाटीवर खडूने आकडे मांडले. त्या आठवड्यांत किती डॉलर बुडतील ते दाखवलं. कुणी वाद घातला नाही. मला वाटलं, पटलं. खरं तर माकुशी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, पाहुण्याच्या तोंडावर वाद घालत नाहीत, आणि मी पाहुणी होते. इतकी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

ते आठवडे कसले होते? रान तोडायचे, वाळवायचे, जाळायचे. माकुशींची शेतं गावाला लागून नसतात. माळाची जमीन पिकत नाही, म्हणून शेत असतं जंगलाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, कधी दोन-दोन तासांच्या चालीवर. हे तू अजून पाहिलं नाहीस ना? तुझ्या एकाही निरोपात शेताचा उल्लेख नाही. झाडं तोडायची पुरुषांनी, राख झाल्यावर पहिल्या पावसाच्या तोंडावर कसाव्याच्या कांड्या लावायच्या, आणि मग निंदणी, खणणी, किसणं, पिळणं, भाजणं हे बहुतेक सगळं बायकांचं. आपल्या उपासाचा साबुदाणा होतो तोच कंद. पण तिथली मुख्य जात कडू आहे, तशीच खाल्ली तर विषारी. किसून मटापीत भरायची, म्हणजे त्या लांब विणलेल्या नळीत, आणि ताणून रस काढायचा. चोथा भाजून फरीन होतं, म्हणजे रव्यासारखे टिकाऊ दाणे. रस आटवून कॅसारीप हा दाट काळा अर्क होतो, ते मटणाच्या रश्शात पडतं. कसाव्याची भाकरी आंबवून परकारी हे पेय होतं. अख्खं घर त्या एका कंदावर उभं आहे.

आणि रान तोडायला एकटा माणूस पुरत नाही. त्यासाठी मायू असते, म्हणजे गावाने मिळून करायचं काम. ज्याचं शेत त्याने परकारी आणि जेवण द्यायचं, गावाने येऊन काम करायचं, उद्या त्याने दुसऱ्याकडे जायचं. आपल्याकडची इर्जिक. तुझ्या आजोबांना विचार, ते सांगतील इर्जिक म्हणजे काय आणि ती कशाने मोडली.

माझ्या पाळ्यांच्या तक्त्यात मायूला रकाना नव्हता. तोडणीच्या आठवड्यांत जवान माणसं पाहुण्यांना काळी केमन, म्हणजे तिथली मगर, आणि राक्षसी ऑटर, म्हणजे मोठी पाणमांजरं, दाखवत नदीवर होती, रोजाने. पहिल्या वर्षी काहीच बिघडलं नाही. वहीत जमा वाढली, अतिथिघराचं छप्पर नवं झालं, होडीला इंजिन आलं. कसावा तयार व्हायला जवळजवळ वर्ष लागतं, म्हणून नुकसानही वर्षाने दिसलं. पुढच्या वेळी मी एका म्हातारीच्या घरी उतरले. तिने मला भात आणि दुकानातली बिस्किटं वाढली. मी विचारलं, फरीन नाही का? तिने उठून पिंपाचं झाकण काढलं आणि मला आत बघायला सांगितलं. तळाला मूठभर होतं. बाकी काही ती बोलली नाही.

गाव लेथेमच्या बाजारातून तांदूळ आणि मैदा विकत आणत होतं. आम्ही मिळवून दिलेल्या पैशातून. मी हिशेबनीस, आणि मला ही उलाढाल दिसली नव्हती. कारण फरीन कुणी कधी विकत घेतलंच नव्हतं, तर ते वहीत येणार कुठून?

आता तुला कळेल मी त्या कलमावर का अडून बसले आहे. ज्याच्या पिंपात फरीन आहे तो नको म्हणू शकतो. ज्याचं पिंप रिकामं तो प्रत्येक पाहुण्याला हो म्हणतो, नको त्या वेळी, नको त्या भावात, घरात मयत असताना सुद्धा. हे तू आपल्या किनाऱ्यावर पाहिलं आहेस. जमीन विकून त्याच जमिनीवरच्या हॉटेलात पहारा करणारी माणसं आपल्या कोकणात कमी नाहीत. तिथे पाहुणे भरपूर आहेत. यजमान कुठे आहेत?

तू म्हणशील, मग पर्यटन नकोच का? असं मी कुठे म्हटलं? इतकी वर्षं मी याच कामात घालवली. माझ्यावर हा आरोप पुण्यातही होतो, की मी गावांना मागे ओढते, बाई हट्टी आहे. एका देणगीदाराने दुसरं अतिथिघर बांधायला पैसे देऊ केले तेव्हा गावाने नाही म्हटलं आणि मी गावाच्या बाजूने उभी राहिले. त्यावरून जुने सहकारी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. मला त्याचा पश्चात्ताप नाही. याच पर्यटनाच्या पैशातून अन्नाईच्या माध्यमिक शाळेत राहून शिकणाऱ्या पोरींच्या वह्या-कपड्यांचे खर्च निघालेले मी वहीत स्वतः लिहिले आहेत. मी केलं ते सगळंच चूक होतं, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

तुझ्या अवतीभवतीच बघ ना. रेवाला जा. रेवा नदी रुपुनुनीला मिळते तिथलं ते गाव. अरापाइमा हा तिथला मासा, माणसाहून लांब, वजन शंभर किलोंच्याही वर. त्याला श्वासासाठी पाण्याबाहेर तोंड काढावंच लागतं, म्हणून भाला मारणाऱ्याला तो सहज सापडतो, आणि म्हणूनच तो संपत आला होता. या शतकाच्या सुरुवातीला ब्राझीलच्या मामिरौआ या राखीव क्षेत्रातल्या कोळ्यांनी येऊन उत्तर रुपुनुनीतल्या कोळ्यांना त्या श्वासावरून मासे मोजायला शिकवलं. ज्यांना मारायची नजर होती तेच मोजणारे झाले. मारायचं नाही हे आधी ठरलं. गळाला लागलेला अरापाइमा परत पाण्यात सोडण्याच्या बोलीवर पैसे देणारे पाहुणे त्यानंतरचे. हा क्रम लक्षात ठेव. गाव आधी स्वतःला नको म्हणालं, मग पाहुण्याला अटी घालू शकलं.

युपुकारी या दुसऱ्या गावात रात्री केमन पकडून, मोजून, खूण करून सोडतात. ते काम गावातल्या माणसांचं. पाहुणा दुसऱ्या होडीत बसून बघतो. बघणारा नसला तरी मोजणी व्हायची ती होतेच. सुरामा गावात तर तू राहून आलीस, जंगलाने वेढलेल्या त्या माळावर. १९९० च्या दशकापासून ते पाहुणे घेताहेत. तिथल्या वाटाड्याला पक्षी किती ओळखतोस हे तू विचारलं असशील. शेत केव्हा तोडतोस, हे विचारलंस का?

आणि २०२० चा मार्च आठव. विमानतळ बंद झाला आणि एका आठवड्यात सगळ्या अतिथिघरांचं बुकिंग शून्यावर आलं. मी तेव्हा पुण्यात होते, झोप लागत नव्हती. कित्येक गावांनी आपले रस्ते स्वतःच अडवले, बाहेरच्यांना येऊ नका म्हणाले, आणि शेतावर गेले. ज्यांची शेतं होती त्यांना जाता आलं. तुझ्या करारात पाच हंगाम आहेत. त्यातला एक असा निघाला तर गावाने काय खायचं, हे कुठल्या कलमात आहे ते मला दाखव.

चिडू नकोस. मी चिडले आहे हे खरं, पण तुझ्यावर नाही.

तू मला कायद्याचं विचारलं होतंस. गयानाचा २००६ चा अमेरिंडियन कायदा, म्हणजे मूळ रहिवाशांसाठीचा, नीट वाच, त्यात तुझ्या कामाची गोष्ट अगदी सुरुवातीलाच आहे. गावाचा रहिवासी नसलेल्याने गावजमिनीवर यायचं तर गावपरिषदेची परवानगी घ्यायची. म्हणजे नको म्हणण्याचा हक्क गावाकडे कायद्याने आधीच आहे. तुझा करार तो हक्क पाच वर्षांसाठी १२० पाहुण्यांच्या बदल्यात काढून घेतो. तू हे मुद्दाम केलं नाहीस, कंपनीने पाठवलेला मसुदा तू भाषांतरून पुढे ठेवलास, मला कळतं. मीही मसुदेच पुढे ठेवत होते.

तेव्हा असं कर. कंपनीला उत्तर देऊ नकोस, अजून पंधरा दिवस तरी. ते थांबतील. नाही थांबले तर आजच कळलेलं बरं. उद्या-परवा बायकांबरोबर शेतावर जा. पहाटे निघतात, तेव्हा आदल्या रात्रीच विचारून ठेव. लांब बाह्यांचा सदरा घाल, नदी ओलांडताना कबौरा या चावऱ्या माश्या फोडून काढतात. वारिशी, म्हणजे कपाळावरच्या पट्ट्याने वाहायची विणलेली टोपली, पाठीला लावून कंद वाहून आण, एक खेप तरी, म्हणजे दोन दिवस सभा का चालली ते मान सांगेल. किसायला बस. कोणत्या महिन्यात कोण कुठे असतं ते विचार आणि लिहून घे. तोडणी, जाळणी, लावणी, मासेमारीचे दिवस, शाळेच्या सुट्या, गावचा वारसा महिना. बारा महिन्यांचा कागद कर आणि तो भर. उरलेल्या रिकाम्या जागा पाहुण्यांच्या. त्या शंभर दिवसांच्या निघाल्या तर शंभर, चाळीसच्या निघाल्या तर चाळीस. मग तो कागद सभेत ठेव, तुझा करार नको. तारखा गाव देईल. आणि दिलेली तारीखही गाव मोडू शकेल, अमुक दिवस आधी कळवून, आगाऊ रक्कम परत करून. हे कलम कंपनीने मान्य केलं नाही तर दुसरी कंपनी बघ. दुसरी नसेल तर त्या वर्षी कमी पाहुणे.

हे सांगायला मला सोपं आहे, मी इथे पंख्याखाली बसले आहे. तुझ्या वरिष्ठांना तिमाही अहवालात आकडा लागतो, आणि 'गाव विचार करत आहे' हा आकडा नाही. माझ्याही अहवालात नव्हता, म्हणून मी पाटीवर खडू चालवला. तू चालवू नकोस. तुझी मुदत सहा महिन्यांची, त्यातले दोन गेले. तू परत येशील तेव्हा करार झालेला नसेल कदाचित. तुझ्या अहवालात ते अपयश म्हणून येईल. येऊ दे. कुणी विचारलं तर माझं नाव सांग, मी लिहून देईन.

आणि 'यांना स्वतःचं भलं कळत नाही का' हे वाक्य तिथे कुणाजवळ बोलली असशील, तर त्या माणसाकडे जाऊन तू ते मागे घ्यावंस, असं मला मनापासून वाटतं. मी माझं मागे घेतलं नाही. ती म्हातारी आता नाही.

शनिवारी अन्नाईला जाशील तेव्हा फोन लाव. इथे रात्र असली तरी लाव, मी जागी असेन. सभेत पुढे काय ठरलं ते सांग. काहीच ठरलं नसेल तर कोण काय म्हणालं ते सांग, आणि शेतात काय लावलंय तेही.

तुझी,
मावशी