स्टॅटिनमुळे रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशी खरंच मरतात का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध) चालू आहे, आणि या औषधाने रक्तवाहिन्यांतल्या स्नायूपेशी मरतात असं वाचनात आलं, तर गोळी बंद करावी का. बंद करू नका. मात्र तुम्ही वाचलंत ते थोतांड नाही. मी औषधशास्त्र शिकवतो, आणि हा विषय निघाला की वर्गात कोणीतरी हटकून तुमच्यासारखंच दचकतं.

स्टॅटिन एचएमजी-सीओए रिडक्टेज नावाचं एन्झाइम अडवतं, म्हणून कोलेस्टेरॉल कमी बनतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण कोलेस्टेरॉल हे त्या साखळीचं शेवटचं टोक. वाटेत मेव्हॅलोनेट बनतं आणि त्यापासून जेरॅनाइलजेरॅनाइल पायरोफॉस्फेट असं अगडबंब नावाचं एक छोटंसं स्निग्ध रसायन. पेशी ते काही प्रथिनांना शेपटीसारखं चिकटवते. शेपटी असेल तरच ती प्रथिनं पेशीच्या पटलात रुतून कामाला लागतात. रोए हे त्यातलं महत्त्वाचं. धमनीच्या भिंतीतल्या अनैच्छिक स्नायूपेशीचा आतला सांगाडा ताठ ठेवणं आणि तिची आजूबाजूला पकड टिकवणं हे बरंचसं त्याच्यावर अवलंबून असतं.

शेपटी मिळाली नाही की रोए निकामी होऊन पेशीद्रवात पडून राहतं. पेशी आक्रसून गोल होते, तिची पकड सुटते, तिला जगवणारं बीसीएल-२ हे प्रथिन घटतं, मग कॅस्पेज नावाची एन्झाइम जागी होतात आणि पेशी स्वतःलाच मोडीत काढते. यालाच अपोप्टोसिस म्हणतात. याचा पुरावा मला फार देखणा वाटतो. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या या पेशींवर स्टॅटिन टाकलं आणि त्याच बशीत मेव्हॅलोनेट घातलं तर पेशी वाचतात, जेरॅनाइलजेरॅनाइल पायरोफॉस्फेट घातलं तरीही वाचतात, पण कोलेस्टेरॉल घातलं तर वाचत नाहीत. म्हणजे पेशी मरते ती कोलेस्टेरॉलच्या टंचाईने नव्हे, शेपटीच्या टंचाईने. पाण्यात सहज विरघळणारं प्राव्हास्टॅटिन या पेशींत फारसं शिरतच नाही, त्यामुळे त्याचा असा परिणाम नगण्य दिसतो.

आता बशी आणि माणूस यांतला फरक. असे प्रयोग बहुतेक मायक्रोमोलर प्रमाणात होतात. गोळी घेतल्यावर रक्तात औषध सापडतं ते नॅनोमोलरमध्ये, म्हणजे अनेकदा शेकडो पटींनी कमी. गिळलेल्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनपैकी साधारण १४ टक्केच आतडं आणि यकृत ओलांडून पुढे रक्तात पोचतं, आणि त्यातलंही ९८ टक्के रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतं.

या पेशी मेल्या तर ते वाईटच, असंही नाही बरं का. अँजिओप्लास्टीनंतर याच पेशी बेसुमार वाढून वाहिनी पुन्हा अरुंद करतात, म्हणून स्टॅटिनने त्यांना आवर बसेल अशी आशा एकेकाळी होती. १९९४ साली लोव्हास्टॅटिनच्या चाचणीत ती फोल ठरली. जो परिणाम बशीत इतका ठसठशीत दिसतो, तो माणसात हवा होता तेव्हाही मिळाला नाही!

उलट बाजूची भीती जास्त रास्त आहे: धमनीतल्या चरबीच्या गाठीवरचं तंतुमय आवरण याच पेशी विणतात, त्या मेल्या तर आवरण पातळ होऊन फाटेल आणि हृदयविकाराचा झटका येईल. प्रत्यक्षात वाहिनीच्या आतून काढलेल्या प्रतिमांत स्टॅटिन घेणाऱ्यांचं हे आवरण जाड होताना दिसलं आहे. आणि १९९४ च्याच ४एस चाचणीत, ४,४४४ हृदयरुग्णांमध्ये, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी निघाला. माझ्या लेखी बशीतल्या कुठल्याही निष्कर्षापेक्षा हा आकडा जड आहे.

स्टॅटिन आणि स्नायू यांची खरी काळजी करायची ती हातापायांच्या स्नायूंची. वडिलांच्या मांड्या किंवा खांदे विनाकारण दुखू लागले, अशक्तपणा वाटला तर डॉक्टरांना सांगा. ते रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासतील. लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा, थांबू नका. असं क्वचित होतं, पण ते मूत्रपिंडावर बेतू शकतं. आणि कुणी क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक लिहून देत असेल तर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू आहे हे आधी सांगा, कारण त्याने स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं.